पटावर ६०, पंगतीत ३८

परवा रात्री पुण्याच्या पुतण्याचा फोन आला. वहिनींना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्या नावाने काही रक्कम आपल्या किनवट भागातल्या एखाद्या संस्थेला द्यावी असं त्याच्या मनात आहे. म्हणाला, "काका, तुम्ही सगळा जन्म तिकडे काढलात. एक चांगली संस्था सांगा. पण खरंच चांगली हं, नुसती कागदावरची नको."

मी "सांगतो" म्हणून फोन ठेवला आणि मग झोप लागेना. पन्नास वर्षांत किती संस्था पाहिल्या! वसतिगृहं, वाचनालयं, बालवाड्या, आरोग्य शिबिरं, पाणलोटाची कामं. काहींच्या सभांना सतरंज्या घातल्या, काहींचे हिशोब लिहिले. तरी "ही चांगली" असं छातीठोकपणे सांगायची वेळ आली तेव्हा जीभ अडखळली. त्याचं एक कारण माझ्या स्वतःच्या एका सहीत आहे. ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण मास्तरला इतिहासाशिवाय पुढे जाता येत नाही हे माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे.

आमचा किनवट तालुका निजामाच्या काळात नांदेडात नव्हता, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट, राजुरा तालुके आणि इस्लापूर सर्कल आदिलाबादेतून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. म्हणजे आमच्याकडचे गोंड, कोलाम आणि सीमेपलीकडचे गोंड, कोलाम हे एकाच घरातले. मध्ये रेघ आली ती नंतर.

त्या आदिलाबादेत १९४० साली जोडेघाटला कोमरम भीम पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. जंगल आणि जमीन यांवरून ते बंड झालं होतं. बंड मोडल्यावर निजाम सरकारला प्रश्न पडला की हे लोक मुळात उठले कशासाठी? त्याचा शोध घेण्याचं काम ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे आलं. दुसरं महायुद्ध चालू होतं, गृहस्थ शत्रुराष्ट्राचा नागरिक, म्हणून त्याला हैदराबाद संस्थानातच राहावं लागलं होतं. तो मारलवाई नावाच्या गोंड गावात पत्नी बेटीसह झोपडी बांधून राहिला. गावात राहून, लोकांची भाषा शिकून, मग त्याने अहवाल लिहिले.

त्या अहवालांतून दोन गोष्टी निघाल्या. एक, १९४३ साली मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र सुरू झालं. मुलांसाठी गोंडी भाषेतली वाचनपुस्तकं निघाली आणि ती छापली गेली देवनागरी लिपीत, कारण त्या भागात व्यवहाराची भाषा मराठी होती. (माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला ही गोष्ट वाचून किती आनंद झाला असेल, कल्पना करा!) दुसरी, हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले.

एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल असता तर गोष्ट इथेच संपली असती. इतके शिक्षक, इतकी पुस्तकं, इतके पट्टे. टाळ्या. पण हायमेनडॉर्फ सत्तरीच्या दशकात परत त्याच गावांत गेला आणि त्याने पाहिलं की मिळालेली जमीन बाहेरून आलेल्यांच्या हातात पुन्हा जाते आहे. हे त्याने १९८२ साली पुस्तक लिहून स्पष्ट सांगितलं. आपणच सुरू केलेल्या कामाचं अपयश तीस-पस्तीस वर्षांनी जाऊन पाहायचं आणि ते छापायचं, ही साधी गोष्ट नाही. बेटीबाईंची समाधी मारलवाईलाच आहे.

यातून मला एक उमगलं. पट्टे वाटले हे मोजणं सोपं असतं. पट्टा टिकला का हे मोजायला परत जावं लागतं. आणि परत जायला सहसा कुणी नसतं.

आता आपल्या मराठवाड्याकडे या. १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. तिथे १९२९ मध्ये व्यंकटेश भगवान खेडगीकर नावाचे तरुण मुख्याध्यापक म्हणून आले. हेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ. मग ते अंबाजोगाईला गेले, योगेश्वरी शाळा उभी राहिली. निजामी राजवटीत मराठीतून शिकवणारी खासगी शाळा चालवायची म्हणजे परवानग्यांची कटकट आणि पैशाची चणचण. या शाळांचं मूल्यमापन कसं झालं? त्यांचा खरा निकाल लागला तो हैदराबाद मुक्तिसंग्रामात. तिथे शिकलेली आणि शिकवलेली किती माणसं त्या लढ्यात उतरली हे सर्वांना माहीत आहे. पण विचार करा, १९३० साली एखादा तपासनीस हिप्परग्याला गेला असता आणि त्याने रकाने भरले असते, तर त्या रकान्यांत १७ सप्टेंबर १९४८ कुठे लिहिला असता?

म्हणून हिशोब नकोच असं मात्र नाही. लोकांचा पैसा आहे. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा हे त्यासाठीच झाले. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट. ज्यांनी हे केलं आहे त्यांना ठाऊक आहे की एखाद्या विश्वस्ताच्या निधनानंतर त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव लागेपर्यंत तिसरा जायची वेळ येते! पण कायदा बघतो तो पैसा कुठून आला आणि कुठे गेला एवढंच. पावती असली की झालं. खर्च झालेल्या पैशाने कुणाचं काय भलं झालं हा प्रश्न लेखापरीक्षकाचा नाही, आणि तो त्याच्यावर ढकलूही नये.

हा प्रश्न आपल्या भागात सर्वांत मोठ्याने उभा राहिला तो ३० सप्टेंबर १९९३ ला.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद; ती घरंच अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली.

आमच्या शाळेनेही मदत गोळा केली होती. ज्वारी, कपडे, थोडी भांडी. आम्ही दोघं शिक्षक ट्रकबरोबर नांदेड, लातूर, औसा करत गेलो. तिथे पोचल्यावर पाहिलं तर रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडलेले, पावसाने भिजलेले. एक बाई मला म्हणाली, "गुरुजी, लुगडी लई आली. कंदील हाय का?" आमच्या ट्रकमध्ये कंदील नव्हता. निघायच्या आधी कुणाला विचारावं असं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. दिल्याचं समाधान घेऊन परत आलो, पण तो कंदील अजून डोक्यातून जात नाही.

देशभरातून, परदेशातून संस्था आल्या. त्यांतल्या दोन कामांची तुलना मी वर्गात नेहमी करत असे. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुमारे १२०० मुलं पुण्याला शिकायला नेली. राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी, पन्नालाल सुराणा त्यात पुढे होते, नळदुर्गला 'आपलं घर' उभं केलं आणि मुलांना त्यांच्या मुलखातच ठेवलं. आता सांगा, बरोबर कोण? पुण्याच्या मुलाला मोठी शाळा, मोठं शहर मिळालं. नळदुर्गच्या मुलाला आपली बोली, आपलं शिवार, भेटायला येणारा मामा मिळाला. हे कोणत्या तराजूत घालणार? मला वाटतं दोघांनीही आपापल्या परीने मोठं काम केलं आणि याचं उत्तर फक्त ती मुलंच देऊ शकतील, तेही पोक्त वयात. पण "आम्ही इतकी मुलं सांभाळली" एवढाच आकडा घेतला तर दोन्ही कामं सारखीच दिसतात. त्यांच्यातला खरा फरक, जो विचार करण्यासारखा आहे, तो आकड्यात बसत नाही.

घरांचंही तसंच. जागतिक बँकेचं कर्ज घेऊन १९९४ पासून सरकारचा पुनर्वसन कार्यक्रम चालला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली आणि त्यांतली बरीच दानशूर संस्थांनी, कंपन्यांनी 'दत्तक' घेऊन बांधली. सरळ रस्ते, चौकटीत घरं. जिथे भावकी एका गल्लीत राहत होती, अंगणात जनावर, मागे चूल, परसात धान्याची कणगी, तिथे आता आखलेल्या प्लॉटवर काँक्रीटच्या खोल्या. सुरक्षित, यात वाद नाही. पण अंगण गेलं, शेत लांब पडलं, उन्हाळ्यात स्लॅब तापू लागला. ज्या संस्थेने घरांच्या किल्ल्या वाटल्या तिचं काम त्या दिवशी पूर्ण झालं. फोटो निघाले. कुटुंबाचं काम त्या दिवसापासून सुरू झालं.

याच कार्यक्रमाचा दुसरा भाग लोकांना फारसा माहीत नाही. ज्या गावांत घरं पूर्ण पडली नव्हती तिथे दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचं काम घरमालकानेच करायचं होतं. पैसे हप्त्याने मिळत, अभियंता पाहणी करी. ही घरं दोन लाखांच्या आसपास होती. यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने शेकडो गावांतल्या महिला मंडळांना उभं केलं. या बायकांचं काम म्हणजे गावाला योजना समजावून सांगायची, काम कुठे अडलं ते वर कळवायचं. ज्यांना आयुष्यात कुणी "तुला काय वाटतं?" विचारलं नव्हतं त्या बायका कोपऱ्यात पट्टी घातली का, सळई पुरेशी आहे का, हे बघू लागल्या. २००१ साली भूजला भूकंप झाला तेव्हा लातूरकडच्या काही बाया तिथल्या बायांना आपला अनुभव सांगायला गेल्या. माझ्या लेखी त्या कामाचा गुणपत्रक हाच. शिकलेला विद्यार्थी दुसऱ्याला शिकवू लागला की मास्तरला तपासनीस लागत नाही.

आता ती सही.

साल १९९७-९८ असेल. आमच्या भागात आदिवासी मुलांचं एक छोटं वसतिगृह होतं. (नाव लिहीत नाही, ते आता नाहीही.) एका शहरातल्या देणगीदार मंडळाकडून त्याला दर मुलामागे ठराविक रक्कम येत असे. मंडळाने तिघांची पाहणी समिती पाठवली आणि स्थानिक माहीतगार म्हणून मला सोबत घेतलं. सकाळी दहाला पोचलो. नारळ, हार, मुलींचं स्वागतगीत. फायली व्यवस्थित. हजेरीपटावर ६० मुलं. दुपारी पंगत बसली आणि मी सवयीने मोजलं. सहलीला गेलेला मास्तर मुलं मोजतो तसं. ३८ ताटं.

मी अधीक्षकांना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, "सणाला घरी गेलीत, गुरुजी." त्या आठवड्यात कुठला सण नव्हता हे त्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक होतं. मुलं आईबापांबरोबर कापूस वेचायला गेली होती. दरवर्षी जात. अधीक्षक माणूस वाईट नव्हता. पाच महिन्यांचा पगार थकलेला, तरी मुलांना स्वतः आंघोळ घालायचा. साठांच्या पैशात ३८ मुलांचं जेवण, किराणावाल्याची उधारी आणि स्वयंपाकीणबाईंचा पगार भागत होता, कारण दर मुलामागे येणारी रक्कम एका मुलालाही पुरेशी नव्हती. पगार, वीजबिल, छपराची दुरुस्ती यासाठी मंडळ वेगळा पैसा देत नसे. त्यांना 'थेट मुलांवर' खर्च हवा होता.

समितीच्या कागदावर लिहिलं होतं, लाभार्थी ६०, व्यवस्था समाधानकारक. मी सही केली.

दोन वर्षांनी दुसरे कुणी तपासायला आले, तेही न सांगता. त्यांनी मोजलं, खरं लिहिलं आणि एका पत्राने सगळं अनुदान बंद झालं. वसतिगृह बंद पडलं. ३८ मुलं पेट्या डोक्यावर घेऊन घरी गेली. त्यांतल्या किती परत कुठल्या शाळेत गेल्या, मी पाहायला गेलो नाही.

कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत होतो की मी खोटं लिहिलं म्हणून वसतिगृह दोन वर्षं जास्त चाललं. पण ते खरं नाही. खोट्या अहवालाने दुखणं झाकलं आणि खऱ्या अहवालाने रोगीच मारला. दोन्ही अहवालांतून एकच गोष्ट कुणी लिहिली नाही: "पटावर ६०, पंगतीत ३८, कारण कापूस. सुटी दिवाळीऐवजी वेचणीच्या हंगामात द्या, आणि अधीक्षकाच्या पगाराचं बघा." हे वाक्य लिहायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी लिहिलं नाही, कारण तपासणी म्हणजे पास किंवा नापास हेच आयुष्यभर डोक्यात बसलेलं. तपासणीचा उपयोग फक्त पैसा चालू किंवा पैसा बंद एवढाच असेल, तर खालचा माणूस खोटंच बोलणार. आपण त्याला तसं शिकवतो.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे, आणि तेही आमच्यासारख्याच जंगलाच्या मुलखात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. तिथे गावोगाव जन्म आणि मृत्यू मोजायला सुरुवात केली. प्रत्येक बाळ का गेलं ते आईला, आजीला विचारून नोंदवलं. मग ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि शेजारच्या ४७ गावांत नुसतं मोजलं. तिथे नेहमीच्या सरकारी सेवा चालू होत्या. काही वर्षांत पहिल्या गावांत हजारी ६२ च्या आसपास असलेले नवजात मृत्यू २५ च्या आसपास आले. दुसऱ्या गावांत ते साठीच्या आगेमागेच राहिले. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलं, आणि पुढे घरोघरी नवजात काळजीची ही पद्धत देशाच्या आरोग्य कार्यक्रमात घेतली गेली.

माझ्या दृष्टीने यात आकड्यापेक्षाही मोठी गोष्ट ही की मोजणारे आणि काम करणारे तेच होते. गेलेलं बाळ लपवलं असतं तर पुढचं बाळ कसं वाचवायचं ते त्यांनाच कळलं नसतं. मोजणं इथे शिक्षा नव्हती, अभ्यास होता. आणि हेही खरं की मृत्यू मोजता येतो. मुलीच्या मनातली भीती गेली का, हे असं मोजता येत नाही. म्हणून प्रत्येक संस्थेला गडचिरोलीची फूटपट्टी लावू नये.

हल्ली काळ बदलला आहे. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते आणि २०२१ पासून मोठ्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन त्रयस्थाकडून करून घ्यावं लागतं. हेतू चांगला. पण आमच्याकडच्या छोट्या संस्थेत एकच कार्यकर्ता असतो. तोच पाड्यावर जातो, तोच हिशोब लिहितो आणि तोच रात्री नेट आलं की इंग्रजी फॉर्म भरतो. परदेशी देणगी घेणाऱ्यांना तर २०२० च्या दुरुस्तीनंतर व्यवस्थापनावर २० टक्क्यांच्या वर खर्च करता येत नाही. आधी मर्यादा ५० होती. देणाऱ्याला नेहमी वाटतं आपला पैसा पगारात जाऊ नये. मग आंघोळ कोण घालणार?

तर बाळा, (हे तू वाचशीलच) तुझ्या प्रश्नाचं उत्तर. संस्थेचं नाव मी आज देत नाही. पुढच्या महिन्यात, वेचणी ऐन भरात असताना, दोन ठिकाणी जाऊन येतो. कळवून जाणार नाही, पण तपासायलाही जाणार नाही. एक रात्र राहीन, पंगतीत बसेन. मुलं कमी दिसली तर का ते विचारेन. गेल्या वर्षी काय चुकलं ते विचारेन; जो "काहीच नाही" म्हणेल त्याच्याकडे पैसे ठेवायला मला भीती वाटेल. पाच वर्षांपूर्वी इथून गेलेली मुलं आता कुठे आहेत हे विचारेन, आणि ज्याच्यापाशी चार नावं तोंडपाठ असतील त्याचं नाव तुला कळवीन.

तुलाही एक अट. एकदाच मोठी रक्कम देऊन मोकळा होऊ नकोस. थोडी दे, पाच वर्षं दे, आणि त्यातली निम्मी तिथल्या माणसाच्या पगाराला आहे असं लिहून दे. वहिनींच्या नावाचा फलक नको. त्या स्वतः पंगतीत वाढताना कधी ताट मोजत नसत, पण कोण जेवायचं राहिलं हे त्यांना बरोबर कळायचं.

असो. बरंच लांबलं. आपल्यापैकी कुणी अशा संस्था चालवल्या असतील, तपासल्या असतील, तर तुमचा अनुभव जरूर लिहा. विशेषतः चुकलेला.